तानूमावशीचं डोहाळजेवण

एका जंगलात, मुलांनो, कुणाचं पोट वाढलं की शेजाऱ्यांना फार आनंद व्हायचा.

तिथे तानूमावशी नावाची अस्वलीण राहायची. तिची नातवंडं आता स्वतः मध काढून खात होती. एका हिवाळ्यात मावशीचं पोट वाढू लागलं. हातपाय मात्र काटक्यांसारखे झाले. दोन घास खाल्ले की पोट गच्च.

शेजारची चंद्राक्का कोल्हीण येऊन बघून गेली आणि मावशीकडे गोड बातमी आहे असं जंगलभर सांगून आली. मावशीने आपल्या वयाची आठवण करून दिली. ती कुणी मनावर घेतली नाही. डोहाळजेवणाला पौर्णिमा ठरली. माकडं झोपाळा बांधू लागली.

मावशी गुपचूप डॉक्टर सुतारपक्ष्याकडे गेली. त्याने पोटावर चोचीने टकटक केली. जिथे पोकळ वाजायला हवं तिथे भरीव वाजलं. मग सुईने आतला बारीक तुकडा काढून त्याने तो बराच वेळ न्याहाळला.

"गाठ आहे," तो म्हणाला. "आतड्यांच्या मागे, चरबीतून वाढलेली. लाखात एखाद्याला होते. मूत्रपिंडाला चिकटलीय. पौर्णिमेला काढू. त्यापुढे थांबलो तर पूर्ण निघेल असं सांगता येत नाही."

बातमी फुटली तशा शेजारणी गुहेत जमल्या. गाठ काय, चार दिवस थांबेल. करंज्यांचं सारण थांबणार नाही, असं सर्वांचं मत पडलं. लाखात एकाला होणारा आजार आपल्या वस्तीत कशाला येईल, असंही कुणी विचारलं.

"अगं, ओटी तरी भरून घे," चंद्राक्का म्हणाली. "मग काय कापायचं ते कापून घे."

मावशीने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पण तीन पिलं पोटात वाढवलेली बाई ती. आत काही हलत नाही, हे तिला कधीचं कळलं होतं.

"मी जाते," ती म्हणाली. "झोपाळ्यावर तू बस."

सुतारपक्ष्याने फणसाएवढी गाठ अख्खी काढली. चिकटलेलं मूत्रपिंडही गेलं. मावशीने डोळे उघडताच विचारलं, "सगळी निघाली?"

"सगळी. पण दर ऋतूला येऊन दाखवायचं. ही परत येऊ शकते."

संध्याकाळी चंद्राक्का आली. केसांत डोहाळजेवणासाठी माळलेला गजरा तसाच होता. तिने गाठीकडे पाहून नाक मुरडलं.

"एवढंच होतं तर आधी सांगायचंस, तानू. आम्हाला किती खाली बघायला लागलं."

मावशी आता पोटभर जेवते, टेकडीपर्यंत फिरून येते. वाटेत शेजारणी भेटतात आणि तोंड फिरवतात.

तात्पर्य: मुलांनो, आजार निवडताना शेजाऱ्यांना आधीच माहीत असलेला निवडावा. दुर्मीळ आजारातून जीव वाचतो, पण शेजाऱ्यांच्या मनातून आपण कायमचे उतरतो.