मर्व्ह हॅनाफर्डचे सात दात

साठ वर्षांचं भांडण मी अर्ध्या तासात मिटवणार होतो! तसं क्लबच्या कमिटीसमोर छाती ठोकून सांगितलंही होतं. "शनिवारी मॅचच्या आधी सगळ्यांना जेवायला बोलवा. सॉसेज रोल गार व्हायच्या आत निकाल हातात देतो!"

नव्या नवऱ्याकडे जुने नवरे ज्या नजरेने बघतात, तसं कमिटीने माझ्याकडे बघितलं.

भांडण होतं ते बुंडारी फुटबॉल क्लबच्या इतिहासातला सगळ्यात कणखर खेळाडू कोण, याचं. आमच्या गावात माणसं दुष्काळ विसरतात, बायकोचा वाढदिवस विसरतात, पण कुठल्या साली कुणाचं कुठलं हाड मोडलं ते विसरत नाहीत. यंदा क्लबला शंभर वर्षं झाली. नवी ड्रेसिंग रूम बांधून झाली आणि तिच्या दारावर सर्वांत कणखर खेळाडूचं नाव हातभर अक्षरांत रंगवायचं ठरलं. दार एक आणि उमेदवार दोन!

पहिले उमेदवार मर्व्ह हॅनाफर्ड. वय त्र्याऐंशी, मान बैलाची, बोलणं मात्र बैलाहूनही कमी. बासष्टच्या फायनलमध्ये त्यांचे सात दात चिखलात पडले, तरी शेवटचा भोंगा होईपर्यंत हा माणूस मैदानातून हलला नाही. दुसरा उमेदवार पॅडी टूही. तो देवाघरी जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याची मुलगी बेव्ह क्लबचं कॅन्टीन चालवते आणि बापाची बाजू चार माणसांच्या आवाजात मांडते. पॅडीचे दात चारच पडले. "पण एका ठोशात!" बेव्ह म्हणते. "मर्व्हला सात घालवायला अख्खी मॅच लागली!"

आणि पुरावा होता! बारमागच्या फळीवर दोन बरण्या. जामच्या बरणीत मर्व्हचे सात, लोणच्याच्या बरणीत पॅडीचे चार. वर इतकी धूळ की आत दात आहेत की वाटाणे, हे श्रद्धेनेच ठरवायचं.

आता माझा स्वार्थ सांगून टाकतो. मर्व्ह हे माझे सासरे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी शहरातून आलेला, पालिकेत कारकुनी करणारा, फुटबॉल कधी न खेळलेला माणूस. सासरी पत राहावी म्हणून गोल अंपायर झालो. म्हणजे खांबांमागे उभं राहायचं आणि गोल झाला की दोन झेंडे हलवायचे! तेव्हापासून मी 'झेंडेवाला'. जेवताना माझ्या बायकोला म्हणतात, "ग्लेनिस, तुझ्या झेंडेवाल्याला सांग, मीठ दे म्हणावं." मी समोरच बसलेला असतो हो! त्या दारावर माझ्या खटपटीने सासऱ्यांचं नाव लागलं, तर एकदा तरी ते 'डेस्मंड' म्हणतील, एवढीच माझी आशा होती.

गुरुवारी संघ मैदानात सराव करत होता. मी म्हटलं, बरण्या जरा चकचकीत करून ठेवू. पुरावा कसा दिसला पाहिजे! कॅन्टीनच्या बेसिनला बूच लावलं, गरम पाणी सोडलं, साबण ओतला. एक बरणी डाव्या हातात, एक उजव्या. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी लाथाडलेला चेंडू धाडकन खिडकीच्या जाळीवर आदळला, मी दचकलो आणि दोन्ही बरण्या आडव्या झाल्या!

बूच लावलेलं होतं, म्हणून अकराच्या अकरा दात सापडले. मोजले, पुन्हा मोजले. पण कुठले कुणाचे? सगळे चहात बुडवून ठेवल्यासारखे काळपट. सासऱ्यांच्या बरणीत पॅडीचा एक दात जरी गेला, तर बेव्ह माझे सगळे दात तिसऱ्या बरणीत भरून ठेवेल!

शुक्रवारी गावात दातांच्या डॉक्टर येतात. डॉक्टर कझाकिस. दार उघडायच्या आत मी रुमालाची पुरचुंडी घेऊन पायरीवर हजर.

"डॉक्टर, यातले सात एकाचे आणि चार दुसऱ्याचे आहेत. वेगळे करून द्या. पण गुपचूप!"

त्यांनी दात घासून पुसून पांढऱ्या तबकात मांडले, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक दात उलटसुलट करून बघितला. मग चार दात एका बाजूला सरकवले. "हे माणसाचे."

"आणि हे सात?"

"हे नाहीत."

"म्हणजे? माणसाचे नाहीत तर कुणाचे?"

"कॉलेजात आम्हाला हे शिकवत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझ्या बाबांकडे दोन हजार मेंढ्या आहेत."

माझी दातखीळच बसली.

"चार वर्षांची मेंढी असावी," त्यांनी एक दात उजेडात धरला. "समोरचे आठ येतात. एक तुमच्याकडून हरवला वाटतं."

"डॉक्टर, हात जोडतो, कुणाला सांगू नका!"

"रुग्णाची गोष्ट मी कधीच बाहेर सांगत नाही." मग त्यांनी डोळ्याचं भिंग उतरवलं. "फक्त रुग्ण कोण धरायचा, तुम्ही की मेंढी?"

तिथून तडक सासुरवाडी गाठली. म्हटलं, सासऱ्यांनाच विचारावं. पण सासरे कुंपण दुरुस्त करायला गेलेले. सासूबाई, इव्होन, स्वयंपाकघरात चहाबरोबर खायचे स्कोन लाटत होत्या. ही बाई हळू बोलते, गालात हसते आणि कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. बेसिन, डॉक्टर, मेंढी!

सासूबाईंचं लाटणं थांबलंसुद्धा नाही.

"चार वर्षांची होती खरी," त्या म्हणाल्या. "ओढ्याजवळ मरून पडली होती बिचारी."

मी खुर्ची ओढून बसलो.

"नव्यानं लग्न झालेलं आमचं. ती बरणी तेव्हा याच टेबलावर असायची. पाव्हणा आला की मर्व्ह बरणी पुढे करणार. मी स्कोन वाढतेय आणि हा दात दाखवतोय! वर म्हणायचा, हलवून बघा, कसे वाजतात. तीन वर्षं सोसलं रे मी. एक दिवस डोकं फिरलं आणि दिली बरणी कोंबड्यांत उपडी करून."

"आणि मग?"

"मग त्याच संध्याकाळी क्लबनं बरणी मागितली, फळीवर ठेवायला! आता काय करू? पक्कड घेतली आणि गेले ओढ्यावर. म्हटलं, दोन दिवसांत पकडतीलच. गाव मेंढरांचं! दिवसभर मेंढीच्या तोंडात बघतात मेले." त्यांनी स्कोनवर दूध फिरवलं. "साठ वर्षं होत आली. एकानं झाकण उघडून पाहिलं नाही."

"मर्व्हना माहितेय?"

"नाही. आणि कळता कामा नये." आता मात्र त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "फार जपलंय रे त्यानं ते. दात त्याचे खरेच गेले, डेस्मंड. मी पाहिलंय, मी होते तिथे. खोटे आहेत ते बरणीतले. गप्प बसशील?"

आता सांगा, या घरात मला नावाने हाक मारणारी ती एकटीच सासुरवाडीची बाई! मी शब्द दिला. घरी जाऊन सात दात जामच्या बरणीत घातले, चार लोणच्याच्या बरणीत. आतलं धड दिसू नये म्हणून मर्व्हच्या बरणीच्या काचेला आतून जरा चहा फासला आणि झाकण डिंकाने असं चिकटवलं की उघडायला ट्रॅक्टर लागावा.

शनिवार उजाडला. हॉलमध्ये दीडशे माणसं! त्यातली सव्वाशे मेंढपाळ, लोकर कापणारी नाहीतर मेंढ्यांचा व्यापार करणारी. हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं, कारण मी शहरातला; मला मेंढी ताटातच ओळखू येते.

अध्यक्ष क्लाइव्ह. चाळीस वर्षं लोकर कापून कमरेत वाकलेला म्हातारा. त्याने चमच्याने ग्लास वाजवला आणि मी उभा राहिलो. काय बोललो म्हणता! चिखल उभा केला, रक्त उभं केलं, सात दात एकेक करून पाडले! मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सासऱ्यांची मान आणखी जाड झाली. शेवटच्या रांगेत सासूबाई शांतपणे मोजा विणत होत्या.

मग बेव्ह उठली. "भाषण छान झालं. आता बरण्या उघडा! सगळ्यांसमोर मोजू दे. आमचे चार आहेत, हे बघा!" आणि तिने लोणच्याची बरणी बशीत रिकामी केली.

"बरण्या ऐतिहासिक आहेत!" मी ओरडलो. "हवा लागली तर दात खराब होतील!"

"तोंडात असताना हवा लागत नव्हती का रे?" कुणीतरी मागून म्हणालं. हॉल खदखदला.

मी मदतीच्या आशेने सासऱ्यांकडे बघितलं. ते उभे राहिले. बावीस वर्षांत मी त्यांचं ऐकलेलं सर्वांत लांब भाषण त्यांनी केलं: "उघड, झेंडेवाल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"झाकण निघत नाहीये, मर्व्ह..."

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि एका हिसक्यात झाकण उपटलं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस! तेव्हाच निकाल लावायला हवा होता. सात दात टणटण करत क्लाइव्हसमोरच्या बशीत पडले.

क्लाइव्हने एक उचलला. चष्मा वर केला. चष्मा खाली केला.

"मर्व्ह, बासष्ट साली तू किती वर्षांचा होतास?"

"एकवीस. का?"

"नाही, हे दात चार वर्षांचे आहेत."

बशी पहिल्या रांगेत गेली. "चार," पहिला म्हणाला. "साडेचार!" दुसरा म्हणाला. "छट्! चारच. झीज बघ ना. मेरिनो आहे." "मेरिनो? तुझ्या डोळ्यांवर लोकर आलीय का? संकरित आहे, संकरित!" बघता बघता हॉलचे दोन तट पडले. पॅडी राहिला बाजूला, मर्व्ह राहिले बाजूला, मेंढीच्या जातीवरून माणसं बाह्या सरसावून उभी! मला वाटलं, सुटलो. असंच भांडत राहा, देवांनो, मॅच सुरू होईपर्यंत भांडा!

"गप्प!" सासरे गरजले. सगळे गप्प.

"बरणी शेवटची कुणी धुतली?"

दीडशे माना माझ्याकडे वळल्या. शेवटच्या रांगेतल्या सुया थांबल्या. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळा मारला नाही, काही नाही. फक्त बघत होत्या.

खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं! दोन शब्द बोललो असतो तर मी मोकळा होतो. पण साठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सासूबाईंनी माझ्या भरवशावर सोडली होती.

"मी धुतली," मी म्हटलं. "गुरुवारी. बेसिनमध्ये सांडले... मोरीत गेले सगळे. मग मी... घाबरून... मिळाले ते घातले."

बाहेर विरुद्ध संघाची बस थांबल्याचं हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू आलं. सासऱ्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग असा की त्या रंगाला नावच नाही. त्यांनी श्वास घेतला.

"डेस्मंड!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यापुढचे नऊ शब्द इथे छापण्यासारखे नाहीत, पण पहिला माझ्या नावाचाच होता, याला दीडशे साक्षीदार आहेत.

आणि मग बेव्ह टूही उठली. मला वाटलं, आता ही विजयाची आरोळी ठोकणार. पण तिने मर्व्हकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मर्व्हकडे बघितलं आणि हातातला टॉवेल टेबलावर टाकला.

"आमच्या बाबांनी चार दात घालवले, खरं आहे. पण या माणसाचे दात दोनदा गेले! एकदा चिखलात आणि एकदा जावयाच्या हातून. असला जावई बावीस वर्षं सोसतोय, कणखर म्हणायचं ते याला! माझं मत मर्व्हला!"

हॉल उसळला! टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर बुटांचा ठणठणाट! एकमताने मर्व्ह हॅनाफर्ड! साठ वर्षांचं भांडण मिटलं आणि सांगायला अभिमान वाटतो, सॉसेज रोल खरंच अजून गरम होते.

रविवारी सासुरवाडीला जेवलो. सासूबाईंनी मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि शनिवारचं नावही काढलं नाही. क्लबच्या इतिहासातलं सर्वांत कणखर माणूस कोण, हे मला पक्कं माहीत आहे. ते माणूस एकही मॅच खेळलेलं नाही आणि त्या वेळी मला विचारत होतं, आणखी रस्सा वाढू का.

दारावर आता हातभर अक्षरांत सासऱ्यांचं नाव आहे. नाव माझंही लागलंय हो! आत गेलं की बेसिनच्या वर, छोट्या पाटीवर, सासऱ्यांच्याच अक्षरात: 'डेस्मंडला इथे काहीही धुवायला देऊ नये.'