चट्टेरावांची बैठक

मुलांनो, तुम्ही कधी घटकाभर अजिबात न हलता बसून पाहिलं आहे का? नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मुंगी चावली तरी हूं की चूं करायचं नाही. नाही ना जमत? मग ऐका. ज्यांना ते जमलं, त्यांची ही गोष्ट आहे.

एका जंगलात चट्टेराव नावाचे एक बिबटे होते. घराणं मोठं, म्हणून त्यांना अहोजाहो करायची पद्धत होती. त्यांची बायको चांदणी. दोन पिल्लं. शिकार खरं तर चांदणीच करायची. पण त्या चैत्रात साळिंदराचा काटा तिच्या पंजात घुसला आणि आतच मोडला. तिला पाय टेकवेना.

"अहो, आता तुम्हीच बघा," ती म्हणाली. "पहाटे मोहाखाली हरणं फुलं खायला येतात. फांदीवर गप्प बसायचं. जवळ आलं की उडी मारायची."

"एवढंच ना?" म्हणत चट्टेराव गेले.

पहिल्या दिवशी त्यांना फांदीची गाठ टोचली. ते सरकले, हरणं पळाली. दुसऱ्या दिवशी लाल मुंग्या चावल्या. तिसऱ्या दिवशी पाठीला रग लागली. पिल्लं बेडूक आणि खेकडे खाऊन झोपली.

त्या मोहावर काळतोंडे नावाचे एक वानर राहत होते. ते हरणांचे राखणदार. खाली बिबट्या दिसला की त्यांनी वरून खाकरायचं, आणि हरणांनी पळायचं, असा दोघांचा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज होता. जंगलातल्या उंदरांनाही तो ठाऊक होता. चट्टेराव सल्ला मागायला गेले ते नेमके त्यांच्याकडेच.

"चूक तुमची नाही," काळतोंडे गोड आवाजात म्हणाले. "चूक फांदीची आहे. आधी अंग सुखात हवं. अंग सुखात असलं की मन हलत नाही. मन हललं नाही की शिकार पायाशी येऊन उभी राहते."

"मग उडी?"

"उडीचं पुढच्या वर्गात."

काळतोंड्यांनी सावरीच्या कापसाची गादी केली. पाठीला गवताचा लोड दिला. मुंग्या येऊ नयेत म्हणून बुंध्याला राख लावली. गोचीड काढायला दोन वानरी बसवल्या. दुसऱ्या दिवशी चट्टेराव सूर्य वर येईपर्यंत हलले नाहीत. हरणं आली, पोटभर फुलं खाऊन गेली. काळतोंडे एकदाही खाकरले नाहीत.

"आज मी हललो नाही," घरी येऊन चट्टेराव म्हणाले.

"शिकार?"

"अगं, तुला नेहमी शिकारीचंच पडलेलं. मी न हलल्याचं काही नाही?"

चांदणीने पिल्लांकडे पाहिलं. धाकट्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

चट्टेरावांचं नाव पसरलं. अस्वल आलं, कोल्हा आला, ससे तर सहकुटुंब आले. सगळे मोहाखाली मांड्या घालून बसू लागले. जो दुपारपर्यंत हलला नाही, त्याला पळसाच्या पानावर प्रमाणपत्र मिळू लागलं. घुबडाने सांगितलं, की मी हे जन्मभर करतो आहे. पण घुबडाच्या बुडाखाली गादी नव्हती, म्हणून त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

अकराव्या दिवशी धाकटं पिल्लू उठलंच नाही. आईने चाटलं तेव्हा त्याने नुसते डोळे उघडले. चांदणी तीन पायांवर लंगडत मोहापाशी गेली.

तिथे सत्काराची तयारी चालली होती. चट्टेराव गादीवर होते. त्यांची शेपटी खाली लोंबत होती, आणि एक पाडस तिला पाठ घासत होतं.

"अहो," चांदणी खालून दबक्या आवाजात म्हणाली. "घ्या उडी. पोर जातंय."

चट्टेरावांनी मिशीसुद्धा हलवली नाही. ओठांच्या फटीतून म्हणाले, "आज अकरावा दिवस. आता मोडू नकोस."

हरणांचे म्होरके शिंगाडे जवळ आले. आता ते बिबट्यांना भीत नव्हते.

"वहिनी, भाग्यवान आहात," ते म्हणाले. "असा शांत स्वभाव आमच्यातही नाही हो. तुम्हीही बसा ना वर्गाला. पायालाही आराम पडेल."

"बसते," चांदणी म्हणाली.

ती मागे करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. तिथे गादी नव्हती. काटे कुशीत शिरत होते. तिने पंजा तोंडाशी नेला, दाताने कातडं फाडून आत मोडलेला साळिंदराचा काटा धरला आणि ओढून काढला. भळभळून रक्त आलं. ती हलली नाही.

काळतोंडे भाषणाला उभे राहिले. राखणदार भाषण करत होता, म्हणून राखण कुणीच करत नव्हतं. शिंगाडे हार घेऊन पुढे आले. जाळीला पाठ करून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या महापुरुषापासून आम्हाला कसलंही भय वाटत नाही."

ते खरंच होतं. चांदणीची उडी मागून आली.

सभा उधळली. ससे प्रमाणपत्रं टाकून पळाले. धूळ खाली बसली तेव्हा मोहाखाली चांदणी होती, तिच्या दाढेत शिंगाडे होते, आणि गादीवर चट्टेराव तसेच होते.

"उडी बरी होती," ते वरून म्हणाले. "पण बैठक कच्ची. पाठीला आधार नव्हता तुझ्या. असो. काळीज मला ठेव."

चांदणीने वर पाहिलंही नाही. शिकार ओढत ती गुहेकडे गेली. त्या संध्याकाळी धाकटं पिल्लू आधी रक्त चाटायला उठलं, मग हाडावरून थोरल्याशी भांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणी पिल्लांना घेऊन नदीपलीकडच्या जंगलात निघून गेली, आणि चट्टेराव बाराव्या दिवसासाठी गादीवर चढले.

तात्पर्य : मुलांनो, नाव काढायचं असेल तर आधी मऊ गादी शोधा. ज्याचं पोर उपाशी आहे, तो शिकार करतोच. त्याची बैठक कुठे चुकली, एवढं सांगता आलं की तुमचं काम झालं.