गच्चीवरचा वांझ भात

परागकण बघून भाताची कुंडली मांडणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, असं मी गेल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, सगळ्यांना सांगत असे. दुसरं कोणी सांगत नव्हतं, म्हणून.

पनवेलजवळच्या एका भात संशोधन केंद्रात मी कृषी सहायक. आमच्याकडे एक विचित्र वाण आला होता. उकाड्यात त्याचे परागकण पोकळ निघायचे आणि थंडी पडली की तेच झाड भरलेले परागकण द्यायचं. अनुवंश तोच, त्यात कानामात्रेचा फरक नाही. फक्त गरमीत परागकण भरायचा हुकूमच सुटत नसे. ऑक्टोबरच्या काहिलीत ते खरंच पोकळ राहतात, हे मला सिद्ध करायचं होतं. केंद्रात आजूबाजूच्या शेतांतून पराग उडून येतो, म्हणून मी वीस कुंड्या घरी गच्चीवर आणल्या आणि प्रत्येक लोंबीला कागदी पिशवी घालून टाचणी लावली. पिशवीत दाणा धरला नाही, की प्रयोग यशस्वी.

आईला हे मुळीच पटलं नाही. "घरात आधीच एक वांझ आहे, त्यात तू आणखी वीस आणल्यास," ती म्हणाली.

माझी बायको चारुता तिथेच तांदूळ निवडत बसली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी मलाही बोलावलं होतं, पण मला कुठे वेळ? कधी लावणी, कधी कापणी. आईने ठरवून टाकलं होतं, दिवाळी झाली की चारुताला चिपळूणला माहेरी पोचवायचं आणि परत आणायची घाई करायची नाही. मी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. त्याची लाज अजून वाटते.

"आई, यांच्यात मादीचा भाग ठणठणीत असतो," मी शास्त्र शिकवलं. "पोकळपणा सगळा नराकडे."

चारुताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिला विषयात गोडी लागली.

महिन्याभराने पिशव्या उघडल्या, तर आत दाणे! एकीत नाही, चौदा पिशव्यांत. वाण भर उकाड्यात भरला होता. म्हणजे जगात कोणाला न लागलेला शोध माझ्या गच्चीवर लागला होता. शेजारच्या सुमतीबाईंच्या फोनवरून मी साहेबांना कळवलं, मग सुमतीबाईंनाही समजावून सांगितलं. त्यांची आमटी लागली, तरी मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांना घेऊन हजर झाले. मी इस्त्रीचा सदरा घालून पाऊण तास बोललो. आईने लाडू आणले.

"पराग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलास?" साहेबांनी विचारलं.

"त्याची काय गरज, साहेब? दाणे दिसतायत ना समोर."

साहेबांनी जीपमधून सूक्ष्मदर्शक मागवला. एका उशिरा फुललेल्या लोंबीचा पराग काचेवर झटकला, वर आयोडीनचा थेंब सोडला. भरलेला पराग त्याने काळानिळा होतो. "बघ," ते म्हणाले. मी बघितलं. एकजात फिके, पोकळ.

"मग दाणे आले कुठून?"

तेवढ्यात आमची भाजीवाली, सुकापूरची मालू, पाटी घेऊन जिना चढून आली. "वयनी, दाना धरला का? आमच्या शेतानच्या लोंब्या कामाला आल्या ना? मी बोल्ले व्हते, फुलोरा दहाला उघरतो, तवाच झारायच्या."

सगळे चारुताकडे वळले. तिने पदराला हात पुसले. "तुम्ही ऑफिसला गेलात की मी पिशव्या काढायचे, मालूच्या लोंब्या वर झटकायचे आणि पिशव्या परत लावायचे."

"पण का?" माझा आवाज चिरकला.

"तुम्ही सांगितलंत ते खरं आहे का, ते पाहायचं होतं. आईंच्या देखत."

साहेब कुंडीकडे बघत म्हणाले, "वहिनींचा प्रयोग बिनचूक आहे. झाडात काही दोष नाही, पराग बाहेरून मिळाला की दाणा धरतो." पुण्याच्या एका शास्त्रज्ञाने ते वहीत उतरवूनही घेतलं. आई लाडवांचं ताट धरून उभी होती. ती आधी चारुताकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहू लागली.

केंद्रात मला मेमो मिळाला, त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी आई स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेली, पहिलीच्या पोराला शाळेत नेतात तशी. रिपोर्ट चार ओळींचा आला. मला समजावून सांगायची गरज पडली नाही, त्यातली भाषा माझ्या रोजच्या कामाचीच होती.

चिपळूणचा विषय बंद झाला. आई आता चारुताला काही बोलत नाही आणि मलाही फारसं नाही.

परवा सुमतीबाईंनी चारुताला गाठलंच. "अजून काही नाही का गं? दोष आहे तरी कोणात?"

"माझ्यातच," चारुता म्हणाली.

मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. मी पान उलटलं.