एका पानावर दोन दौलती नांदल्या त्याची हकीकत

श्री विघ्नहर्त्यास नमन, वीजपुरवठ्यास नमन, आणि सर्व्हर अखंड चालू राहो ऐसे मागणे मागून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. ते समयी एक राज्य होते. नाव सांगत नाही, कारण आम्हांस अद्याप तेथेच जेवावयाचे आहे. राज्याचा उद्योग म्हणजे रयतेस घरबसल्या नाटकाच्या खुर्च्या विकणे. रयतेने मोबाइलात पान उघडावे, खुर्ची पसंत करावी, दाम भरावा आणि प्रयोगाचे दिवशी जाऊन ऐटीत बसावे. या राज्याचा बालेकिल्ला जावा नामे संगणकी भाषेत बांधिलेला, आणि त्याचे किल्लेदार नारोपंत धारप. पंत बहुत जुने, बहुत सावध, स्वतःच्या डब्याचे झाकणही दोनदा तपासून लावणारे. त्यांची रीत ऐसी की रयतेने खाली ब्राउझरात कोणतेही बटण दाबिले की जासूद निघावा, आणि तो धापा टाकीत वर सर्व्हरापाशी यावा, आणि पंतांच्या फ्रेमवर्काने, म्हणजे पान बांधणाऱ्या सांगाड्याने, त्यास कोण, कोठला, काय पाहिजे ऐसे पुसावे, मग पानाचा तेवढा भाग साफ पुसून नवा रेखाटून द्यावा, आणि जासुदाने तो घेऊन पुन्हा खाली जावे. खाली कोणी काही ध्यानात ठेवू नये. सारे स्मरण बालेकिल्ल्यात. पंत म्हणत, "खालच्यांनी फक्त दाबायचं. विचार करायला आम्ही आहोत." या रीतीने एक खुर्ची दोघांस कधी विकिली गेली नाही, याचा पंतांस मोठा अभिमान, आणि तो खराही होता.

परंतु जासुदास वेळ लागे. तेव्हां नाटक मंडळीचे मालक रंगनाथराव तावडे एके दिवशी दरबारात आले आणि बसण्याआधीच बोलू लागले, "अहो, माणूस खुर्ची दाबतो, आत जाऊन चहा करतो, पितो, कप विसळतो, तेव्हा कुठं ती खुर्ची निवडली म्हणून पिवळी होते! आणि शिव्या कोण खातं? मी!" हे ऐकोन राज्याचे खावंद श्रीमंत दादासाहेब खजील जाहले आणि त्यांनी शर्वाणीबाई घोरपडे यांस पाचारण केले. बाई जावास्क्रिप्टाच्या फौजेतील, वयाने लहान, बोटांनी चपळ आणि जिभेने त्याहून. त्यांचा पंथ उलटा. जे करावयाचे ते खाली ब्राउझरातच, तेथल्या तेथे, जासुदाची वाट कोण पाहतो? बाईंनी नाट्यगृहाचा हलता नकाशा करून दाखविला. बोट लावताच खुर्ची पिवळी होई, चिमटीने ताणिता सारी रांग मोठी होई. खावंद लहान मुलासारखे खुर्च्या पिवळ्या करीत बसले आणि दुसऱ्या मसलती राहिल्या. मग त्यांनी हुकूम फर्माविला की नव्या नाटकाचे बुकिंग शनिवारी सायंकाळी उघडते, तोवर बाईंचा नकाशा पंतांच्या पानात बसवावा. "जमलं तर ठीक. नाही जमलं तर तो जुना किल्ला पाडायचा, सगळंच जावास्क्रिप्टात नवं बांधू." हे ऐकोन पंतांचा चेहरा उतरला. उभे आयुष्य त्या किल्ल्यात गेले. तो पडलियावर पंतांनी सकाळी उठून कोठे जावे, हे त्यांस उमजेना, आणि खरे सांगतो, आम्हांसही वाईट वाटले, जरी त्यांनी आम्हांस कधी चहा विचारिला नव्हता.

आता या राज्यात एक चाल होती, ती सांगितलीच पाहिजे. येथे कोणी कोणापाशी जाऊन बसत नसे. काम तपासावयाचे तर समोरच्या पक्षाचे एक बुजगावणे करावे आणि त्याजवर आपला कोड चालवून पाहावा. त्याप्रमाणे बाईंनी पंतांचे बुजगावणे केले. त्यास काहीही विचारा, ते तत्काळ 'हो' म्हणे, जे खरे पंत जन्मात म्हणाले नव्हते. आणि पंतांनी बाईंचे बुजगावणे केले. त्यावर काहीही रेखाटा, काहीही पुसा, ते चकार शब्द काढीत नसे, आणि हेही मुळाशी किती जुळते ते वाचकांनी पाहावे. दोघांकडे सारे सुरळीत चालले, दोघांनी छाती फुगवून 'तयार आहे' ऐसे खावंदांस कळविले, आणि खऱ्या पंतांची खऱ्या बाईंशी गाठ काही पडली नाही.

ती पडली शनिवारी सकाळी, भर दरबारात. मोठ्या पडद्यावर पान उघडिले आणि रंगनाथराव स्वतः खुर्च्या निवडावयास बसले. घरची मंडळी पुष्कळ, त्यांत मेहुणीस कडेची खुर्ची हवी, साडूस घोरणाऱ्यापासून दूर हवी. राव फोनवर विचारीत विचारीत एकेक खुर्ची पिवळी करू लागले. आणि नकाशाचे वर पंतांनी एक घड्याळ टांगिले होते, खुर्च्या राखून ठेवण्याची मुदत किती उरली ते सांगणारे. घड्याळ आणि नकाशा एकाच चौकटीत. घड्याळाचा काटा पुढे सरकावयाचा तर पंतांचे रीतीने सारी चौकट पुसणे आली! राव मेहुणीशी बोलत आहेत तोच चौकट पुसिली गेली, नवी आली, आणि सर्व खुर्च्या कोऱ्या. राव म्हणाले, "अरेच्चा." पुन्हा निवडिल्या, पुन्हा कोऱ्या. आणि याहून वाईट म्हणजे पुसलेले नकाशे नुसते डोळ्यांआड जाहले होते, मेले नव्हते. ते पिशाच्चासारखे मागे राहून कान देऊन होते. रावांनी एक खुर्ची दाबिली की जिवंत नकाशाही जासूद धाडी आणि प्रत्येक पिशाच्चही आपापला जासूद धाडी. बालेकिल्ल्याने पहिल्या जासुदास खुर्ची दिली आणि बाकीच्यांस सांगितले की ही खुर्ची दुसऱ्या कोणी घेतली आहे. रावांनी विचारिले, "कोणी घेतली?" तपास करिता ते स्वतःच निघाले. दरबारात कोणी हसले, कोण ते सांगणे आमचे हिताचे नाही. खावंद लाल जाहले. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. नाहीतर पंत, सोमवारपासून पाडापाडी सुरू."

मग बाई आणि पंत प्रथमच एका टेबलाशी बसले आणि प्रथमच भांडले. पंत म्हणाले, "तुमचा नकाशा माझ्या पानावर पाहुणा आहे, हे लक्षात ठेवा." बाई म्हणाल्या, "पंतकाका, तुम्ही घर सारवता ते पाहुण्यासकट सारवता! त्याला जरा उठ तरी म्हणा!" पंत म्हणाले, "आणि तुमची ती भुतं?" भुते बाईंचीच होती. मग पंतांनी डबा उघडून पुढे केला, आत मेथीचे ठेपले होते, आणि खाता खाता तह ठरत गेला. पानाच्या मधोमध एक रिकामी जागा सोडावी. पंतांनी ती एकदा आखून द्यावी आणि पुन्हा तीत पाऊल ठेवू नये. घड्याळ बाहेर न्यावे. बाईंनीही कुंपणाबाहेर हात घालू नये. दोहोंमध्ये जे जाईल ते नुसता मजकूर, कोणती खुर्ची, हवी की सोडिली. रंग आणि रेघा कोणी कोणास धाडू नये. नकाशा काढावयाची वेळ आली तर पंतांनी आधी कळवावे आणि बाईंनी आपले सारे आवरून, पिशाच्च न ठेविता निघावे. शेवटचे कलम पंतांनी हट्टाने घातिले, की पिवळी करणे बाईंचे, परंतु विकिली म्हणणे बालेकिल्ल्याचे, आणि बालेकिल्ला नाही म्हणाला तर नकाशाने हुज्जत न घालिता खुर्ची तांबडी करावी. बाई म्हणाल्या, "कबूल. पण मग खुर्च्या रेखाटणारा तुमचा कोड काढावा लागेल." तो पंतांनी या राज्यात येऊन लिहिलेला पहिला कोड. पंत बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले, मग डोळे पुसिले, "चष्म्याला काहीतरी लागलंय," म्हणाले, आणि स्वहस्ते तो काढिला. बाई लगेच दुसरे काही टाइप करू लागल्या.

सायंकाळी बुकिंग उघडिले. रयत लोटली. नकाशा पळू लागला, घड्याळ चालू लागले, कोणी कोणास पुसिले नाही. रंगनाथरावांची मेहुणीसुद्धा कडेस बसली. तो इतक्यात खावंद तरातरा आले, हातात मोबाइल. "पुढच्या रांगेतली मधली खुर्ची मी दाबली. पिवळी झाली. आणि क्षणात तांबडी! हा काय प्रकार?" पंतांनी वर पाहिले आणि म्हणाले, "कोणी सुमतीबाई उपळेकर आहेत. त्यांचा जासूद आपल्या किंचित आधी पोचला." खावंद म्हणाले, "मग काढा त्यांची. राज्य माझं आहे." पंत उभे राहिले. "दादासाहेब, दोघांना एक खुर्ची या किल्ल्यातून कधी गेली नाही. आज जाणार नाही. पाडायचा असेल तर पाडा." खावंद संतापून म्हणाले, "पाडतोच! शर्वाणी, तुझ्या नकाशात होईल ना माझी खुर्ची?"

बाई म्हणाल्या, "होईल की, त्यात काय." आणि खावंदांचा मोबाइल घेऊन, बालेकिल्ल्यास न विचारिता, ब्राउझरातल्या ब्राउझरात काही टाइप केले, आणि खुर्ची विकिली म्हणून हिरवीगार जाहली, वर खावंदांचे नाव झळकू लागले. पंतांनी मान खाली घातली. खावंद प्रसन्न होऊन म्हणाले, "बघा पंत! याला म्हणतात काम. म्हणजे ही माझी झाली?" बाई म्हणाल्या, "हो, या मोबाइलात झाली. माझ्या इथं कोणालाही कोणतीही खुर्ची मिळते, सर. प्रयोगाला हा मोबाइल घेऊन जा, आणि उपळेकर बाई उठल्या की बसा." खावंदांनी मोबाइलाकडे पाहिले, पंतांकडे पाहिले, आणि हळूच विचारिले, "पंत, दुसरी कुठली शिल्लक आहे?"

येणेप्रमाणे दोन्ही दौलती एका पानावर नांदल्या. बालेकिल्ला उभा आहे. बुजगावणी अद्याप करितात, परंतु शुक्रवारी खरे पंत आणि खऱ्या बाई एका टेबलाशी बसतात. खावंदांनी ते नाटक शेवटच्या रांगेतून, खांबाआडून पाहिले. नायक त्यांस दिसलाच नाही, परंतु आवाज चांगला होता ऐसे ते सर्वांस सांगत असतात. लेखनसीमा.