गोणी बदलली तेव्हा

आलेडाबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. म्हणजे बेरेंड होकेमांनी उत्तर लिहिलं नव्हतं असं नाही. मागच्या हिवाळ्यापासून ते लिहीतच होते. पत्रात फक्त एवढंच होतं: ‘दर गुरुवारी चार वाजता चहाला ये, येताना वाचायला एखादं पुस्तक आण.’ त्यावर होकेमांचा पहिला मसुदा फार कोरडा झाला, दुसरा फार ओला, आणि तिसऱ्यात तर ते चहाच्या इतिहासातच शिरले. मग लाज वाटू लागली, आणि लाजेपायी कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमावरून जाणंही त्यांनी सोडून दिलं. त्यांच्या या जुन्या स्नेही आलेडाबाई तिथेच राहत होत्या.

असा हा माणूस हॉलंडमधल्या डेव्हेंटर गावात लोकांची फोनची सवय सोडवायचा. मानसोपचारात उभं आयुष्य गेलेलं, पण स्वतःच्या फोनची घंटी वाजली की हे शेजारच्या खोलीत. दवाखान्यातला तारेचा फोनसुद्धा त्यांनी ‘रुग्णांच्या शांततेसाठी’ म्हणून काढून टाकला होता.

यंदा मात्र त्यांना एक भन्नाट कल्पना सुचली. पाच डिसेंबरला, सिंटरक्लास सणाच्या संध्याकाळी, तिथे घरोघरी भेटी कागदात गुंडाळतात, प्रत्येकीवर घेणाऱ्याची फिरकी घेणारी निनावी कविता डकवतात आणि सगळं गोणीत भरून दारात ठेवतात. होकेमांनी आपल्या गटाला सांगितलं, की आज प्रत्येकाने आपापला फोन असाच गुंडाळायचा आणि त्याला उद्देशून कविता लिहायची. तासभर गोणी बाहेर व्हरांड्यात राहील. फोन डोळ्यांआड गेला की मनातूनही उतरतो. ते इतक्या आत्मविश्वासाने बोलले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरं विकणारा योरिट म्हणाला, “डॉक्टर, तुमचापण फोन टाका की.”

होकेमांना नाही म्हणता येईना. त्यांनी आपला जुना बटणांचा फोन गुंडाळला आणि वर चार ओळी लिहिल्या.

तासभर सगळं छान चाललं. योरिटचा अंगठा मांडीवर आपोआप सरकत होता, पण चेहऱ्यावर शांती होती. ताटाचा फोटो काढल्यावाचून घास न गिळणाऱ्या फेनाने तर चक्क खिडकीबाहेर पाहिलं आणि समोर झाड आहे असं जाहीर केलं. होकेमा अभिमानाने गोणी आत घेऊन आले आणि त्यांनी ती टेबलावर पालथी केली.

आतून पडले लोकरीचे मोजे, बदामाच्या लगद्याचं डुक्कर, गुडघ्याला बांधायचे पट्टे आणि चॉकलेटची मोठमोठी अक्षरं.

खोलीत अशी शांतता पसरली, की होकेमांना इतक्या वर्षांत कुठल्याही उपचाराने ती आणता आली नव्हती. योरिटने डुक्कर उचलून कानाला लावायचंच काय ते बाकी ठेवलं. फोन हरवल्याचं कळवायचं तरी कशावरून? फोन तर हरवलेले! फेनाने मोज्यांवरची कविता वाचली. पत्त्यांत लबाडी करणाऱ्या आलेडाबाईंचे पाय तरी गरम राहोत, अशा अर्थाची होती.

होकेमांचे मात्र पाय गार पडले. वरच्या मजल्यावरच्या रूलीबाई दरवर्षी वृद्धाश्रमाच्या दारात गोणी ठेवतात, दार बडवतात आणि पळून जातात. व्हरांड्यात त्यांचीही गोणी होती, आणि घाईत त्यांनी उचलली दुसरीच.

उद्या सकाळी शांतपणे जाऊ, असं होकेमांनी सुचवून पाहिलं. योरिटने उत्तरादाखल त्यांचा कोट आणून त्यांच्या अंगावर चढवला.

वृद्धाश्रमात आनंदीआनंद चालला होता. ट्रामवर तिकिटं फाडण्यात हयात गेलेले डर्कआजोबा योरिटच्या फोनवर त्याच्या साहेबांना खडसावत होते, की सणासुदीला कामाचं बोलणारा माणूस घरी कुणाला नको असतो. फेनाच्या आईशी एक आजी तीन आठवड्यांच्या गप्पा एका दमात मारत होत्या. फेनाने फोन मागितला तर आजी म्हणाल्या, “थांब गं, तुझ्या आईची पाठ दुखतेय. तुला कधी सांगितलं नाही का तिने?”

फेना तिथेच खुर्चीवर बसली. विचारलंच नव्हतं तिने कधी.

खिडकीशी आलेडाबाई बसल्या होत्या. मांडीवर बटणांचा फोन, हातात कागद. त्यावर आपलंच अक्षर पाहून होकेमांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. बाईंनी चष्मा सावरून सावकाश वाचलं:

‘तुझी हाक येताच धडधडे ऊर,
उठून मी जातो दुसऱ्या खोलीत दूर.
दोष तुझा नाही, भित्रा तर मीच,
रागावू नको, तुझ्यावाचून करमत नाहीच.’

“वर्ष लागलं,” बाई म्हणाल्या, “पण उत्तर बरं लिहिलंस.”

आता नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण होकेमांना खोटंही धड जमत नसे.

“ते... ते फोनला लिहिलं होतं,” ते पुटपुटले.

“कळलं मला. आत फोनच निघाला ना. मी काय इतकी म्हातारी झाले?” बाई खुदकन हसल्या. “म्हणजे फोनला उत्तर मिळालं आणि मी अजून ताटकळतेय. बेरेंड, मी पत्र पाठवलंय, मला पत्रच हवं. आणि तोंडी काही सांगायचं नाही, तुला ते जमत नाही.”

निघायची वेळ झाली तेव्हा योरिट डर्कआजोबांशी पत्ते खेळत होता. फोन समोर आला तर म्हणाला, “डाव संपेपर्यंत राहू द्या तिकडेच.” पुढे दर मंगळवारी तो तिथे जाऊन फोन आजोबांच्या हवाली करू लागला. गटातल्या सगळ्यांत गुण आला तो त्यालाच, आणि श्रेय अर्थातच होकेमांच्या पद्धतीला मिळालं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, होकेमांनी मसुद्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर एकच शब्द लिहिला: ‘येतो.’ नारिंगी टपालपेटी नेमकी वृद्धाश्रमासमोर होती. पेटीपाशी त्यांना शंका आली. ‘येतो’ फार तुटक होतं का? ‘नक्की येतो’ बरं? की ‘नक्की’ म्हणजे फार उतावीळ?

खिशात फोन वाजला. पळायला शेजारची खोली नव्हती. त्यांनी उचलला.

“खिडकीतून बघतेय मी केव्हाची,” आलेडाबाई म्हणाल्या. “चहा गार होईल. टाक आता.”

त्यांनी डोळे मिटले आणि पाकीट पेटीत सोडलं. ते तळाशी टपकन पडलं, आणि होकेमांना आठवलं, की तिकीट लावायचं राहिलं.