बारावा खेळाडू

आमचे शेजारी दामले नेदरलँड्समधल्या आल्मेरेत बसून अमेरिकेतल्या आठ बारक्या कॉलेजांच्या फुटबॉल हंगामाचं भाकीत दरवर्षी मराठीतून लिहितात. फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा, ज्यात पायाला फारसं काम नसतं. ही कॉलेजं इतकी आडबाजूला आहेत की खुद्द अमेरिकन माणसालाही ती नकाशात शोधावी लागतील.

'हंगामपूर्व अवलोकन', पानं चौदा. दर ऑगस्टमध्ये ते ओळखीच्या पंचवीस-तीस मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन आदळतं आणि मंडळी ते न उघडता अंगठा पाठवतात. शुद्धलेखन माझ्याकडे असल्यामुळे मला मात्र वाचावं लागतं. त्यात चेंडू फेकून संघ चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला 'कारभारी' म्हणतात, प्रशिक्षकाला 'वस्ताद'. "गतवर्षीचा कारभारी पदवीधर झाल्याने संघ पोरका झाला आहे. नव्याचा हात चांगला, पण घाई नडते." आणि कुठल्याही संघाबद्दलचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "यंदा बचाव कच्चा आहे."

हे वाक्य पुढे सगळीकडे पसरलं. अ‍ॅमस्टरडॅममधल्या झुइडासच्या ऑफिसात आमची सिस्टीम बंद पडली, बचाव कच्चा. ट्रेन रद्द झाली, बचाव कच्चा. मग करोना आला आणि सुपरमार्केटात माणसं मास्कशिवाय बटाटे निवडताना दिसली, तेव्हा तर दामल्यांच्या चेहऱ्यावर ज्योतिष खरं ठरल्याचं समाधान होतं.

त्याच सुमारास दामलेवहिनी त्यांच्या आईला भेटायला पुण्याला गेल्या आणि विमानं बंद झाल्याने तिकडेच अडकल्या. मुलगी सई त्या आठांपैकी एका कॉलेजात. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायला शिकते. डेल्फ्टच्या इंजिनिअरिंगची जागा सोडून ती अमेरिकेला निघाली तेव्हा बापलेकीत चांगलंच वाजलं होतं. तेव्हापासून बाबांच्या फोनला तिची तीन उत्तरं: 'येस', 'नो' आणि 'खूत', म्हणजे डचमध्ये 'बरंय'.

जुलैत त्या आठही कॉलेजांनी हंगामच रद्द केला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. ऑगस्टमध्ये फाइल आली. पानं चौदा.

मी खुर्ची घेऊन मागच्या कुंपणापाशी गेलो. पलीकडे दीड मीटरवर दामले कुंडीतली कोथिंबीर खुडत होते.

"अहो दामले, हंगाम रद्द झालाय ना?"

"हंगाम रद्द झालाय. संघ कुठे रद्द झालेत?"

"बरं. पण पान तीनवर संघात बारा खेळाडू लिहिलेत. अकरा असतात. गेल्या वर्षीही मी दुरुस्त केलं होतं."

"तुम्ही केलंत. पाठवताना मी परत बारा केले."

"ते का?"

दामल्यांनी एक पिवळं पान निवडून बाजूला टाकलं. "सई वाचते. बिनचूक असलं तर अंगठा पाठवते. चूक सापडली तर फोन करते."

मला फार वाईट वाटलं. दरवर्षी इमानेइतबारे मी या माणसाच्या मुलीचा फोन खोडू पाहत आलो होतो. घरी जाऊन मी बाराचे बारा राहू दिले, आणि प्रायश्चित्त म्हणून पान सातवर सहा गुणांचा टचडाउन नऊ गुणांचा करून टाकला.

रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. पलीकडे दामल्यांचा फोन स्पीकरवर होता.

"बाबा, इट्स इलेव्हन. एव्हरी सिंगल इयर. आणि टचडाउनला नऊ पॉइंट्स? सिन्स व्हेन?"

दामल्यांनी चमकून कुंपणावरून माझ्याकडे पाहिलं. मी एका मोज्याचा जोडीदार शोधू लागलो.

"नऊ चूक का? थांब, लिहून घेतो," दामले म्हणाले. हातात ना कागद, ना पेन. "आणि आपला कारभारी काय म्हणतो?"

"ही वेंट होम, बाबा. एव्हरीवन डिड. माझ्या फ्लोअरवर इट्स जस्ट मी."

दामल्यांनी स्पीकर चालू असतानाच फोन कानाला लावला.

मग सई मराठीत म्हणाली, अडखळत, लहानपणी बोलायची तसं, "बाबा, तू जेवलास?"

चौदा पानं लिहिणाऱ्या माणसाला 'हो' म्हणायला बराच वेळ लागला.