पाच पायांची मेंढी

एकट्या माणसाला अख्खा गेम बनवता येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुळशीला येऊन मला भेटावं! कोड माझा, गोष्ट माझी, आणि चित्रं एआयची. आपण फक्त सांगायचं, "डोंगरावर मेंढ्या काढ," आणि चहा प्यायचा. एवढा सोपा बेत!

लवळ्याच्या एका कॉलेजात गेमची स्पर्धा होती. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, आधीच बजावलं होतं, "जिंकलास तर बस खेळत. न्हाईतर दिवाळी झाली की ताम्हिणी घाट उतरून मेंढरांमागं कोकणात चालायचं!"

चित्रं आली. एका मेंढीला डोळेच नाहीत, एकीचं शिंग कपाळाच्या मधोमध, आणि एकीच्या पाठीतून चक्क कुत्रा उगवलेला! दहा दिवस खपून मी एकेक मेंढी हाताने दुरुस्त केली. चहा राहिलाच. शेवटच्या दिवशी एकच उरली. पांढरीशुभ्र, देखणी, पाच पायांची. गेम पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. तीनला मी तिचा जादा पाय खोडायला घेतला आणि मागून आई ओरडली.

"सिद्धनाथ! हात लावू नगंस तिला!"

"आये, चूक हाय ती. काढतुया."

"पाच पायाची म्हंजी देवाची. देवाच्या मेंढीचा पाय तोडतुयास व्हय रं?"

"अगं, खरी न्हाई ती! मशीननं काढलीया!"

"आन् मशीनला कुणी सुचवलं?"

हे मशीन बनवणाऱ्यांना तरी ठाऊक असेल का, कोण जाणे.

अर्ध्या तासात वस्ती गोळा झाली. साळूबाई नारळ घेऊन आली. आमची मेंढरं भाताच्या खाचरात शिरली की वर्षभर आमचा उद्धार करणारी रंभाबाई हात जोडून म्हणाली, "ही आली तर येऊ द्या हो आमच्या खाचरात!" दादा मेंढरं वाड्यात कोंडून आले, वहाणा दाराशी काढल्या, लॅपटॉपपुढे डोकं टेकलं आणि "येळकोट!" म्हणत मूठभर भंडारा उधळला.

कीबोर्ड पिवळाधमक! एक बटण हलेना. माऊस चालत होता, पण माऊसवर आईचा हात होता. पाचला पाच कमी असताना मी रडकुंडीला येऊन सांगितलं, "आये, निदान 'पाठवा' तरी दाब!" तिने डोळे मिटून दाबलं.

आठवड्याने परीक्षक गौतमी मॅडमचा फोन आला. "अभिनंदन! पहिल्या फेरीत निवड झाली. बाकीच्या मेंढ्या सरळ एआयच्या वाटतात, माणसाचा हातच नाही कुठे. पण ती पाच पायांची! ती तुझ्या हातची, बघताक्षणी कळतं!"

"मॅडम, तीच तेवढी जशीच्या तशी एआयची आहे."

"विनोदी आहेस हं! अंतिम फेरीसाठी अशा आणखी दहा कर."

तेव्हापासून मी मशीनच्या विनवण्या करतोय, "बाबा, पाच पाय काढ." ते चारच काढतं. एकदा तर रागावल्यासारखे तीन!

"देवाची मेंढी अशी मागून मिळती व्हय?" आई म्हणाली, पण माझ्या पाठीवरून हात फिरवून चहाही ठेवून गेली.

शेवटी दहाही मेंढ्यांना मीच हाताने पाचवा पाय काढला आणि पाठवून दिल्या. काल मॅडमचा निरोप आला. "या नाही जमल्या. पाय बघ ना, लगेच कळतंय एआयचं काम!"

दादा सकाळपासून अंगणात बसून माझ्या उंचीची काठी तासतायत.